शेवटचं चाललं कधी?

काहीही बिघडलं की बडी बाई पहिल्यांदा आपले दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या. तुम्ही-आम्ही बिघडलेल्या वस्तूवर धावून जातो, बटणं दाबतो, वायर हलवतो, दोन चापट्या मारतो. बडी बाई मात्र हातभर अंतर ठेवून उभ्या राहायच्या, पाठीमागे एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरायच्या आणि विचारायच्या, "शेवटचं चाललं कधी?" कूलर बंद पडो, दूध नासो, शेजारच्यांचं बाळ रडायचं थांबत नसो, प्रश्न तोच. उत्तर मिळेपर्यंत त्यांचे हात सुटायचे नाहीत, आणि आपलेही त्या सुटू द्यायच्या नाहीत.

त्या माझ्या थोरल्या नणंद. रेल्वेच्या दवाखान्यात सारा जन्म नर्स होत्या, शेवटी शेवटी वॉर्डाच्या मुख्य. तिथं त्यांना 'बडी सिस्टर' म्हणत. निवृत्त होऊन रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी कायमच्या राहायला आल्या तेव्हा 'सिस्टर' गळून पडलं आणि उरलेल्या 'बडी'ला 'बाई' जोडलं गेलं. लग्न केलं नव्हतं. का नाही, ते मी नवी नवरी असताना एकदा विचारलं होतं. मला तेव्हा वाटायचं, लग्न झालं म्हणजे आपल्याला कोणालाही काहीही विचारायचा परवाना मिळाला. "शेवटचं स्थळ कधी आलं होतं ते आठवून सांगतो तुले," म्हणाल्या, आणि मेथी निवडायला लागल्या. अजून सांगायचंच राहिलं आहे.

एकदा माझा आणि आमच्या ह्यांचा अबोला पडला. बडी बाई तेव्हा रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायच्या आणि सुट्टीला घरी यायच्या. चप्पल काढता काढताच त्यांना वास लागला. दोघांना समोरासमोर बसवलं. हात पाठीमागे. "शेवटचं बोलले कधी तुम्ही?"

"गुरुवारी," मी म्हटलं.

"काय बोलले?"

हे म्हणाले, "मी म्हटलं, वरण पातळ झालं."

"मंग?"

"मंग मी म्हटलं, तुमच्या आईनं शिकवलं तसंच केलं."

"सापडलं," बडी बाई म्हणाल्या आणि आधी आपल्या भावाकडे, म्हणजे ह्यांच्याकडे वळल्या. "सुधा, तू वरणाले नाव ठेवायचं बंद कर. कुंदा, तू आईचं नाव काढायचं बंद कर. पण दोघांनी एकाच दिवशी नका करू, नाही तं कशानं गुण आला ते समजणार नाही. आज फक्त कुंदा." माझा नंबर आधी लावला हा शुद्ध पक्षपात होता असं माझं आजही म्हणणं आहे. पण गुण आला.

एका वेळी एकच औषध, हा त्यांचा नियम स्वयंपाकघरातही चालायचा. भाजीची चव बसली नाही तर मीठ आणि लिंबू एकदम घालू द्यायच्या नाहीत. आधी मीठ, मग थांबायचं, मग चाखायचं. मी पाठ फिरवून दोन्ही घालायची आणि त्यांना ते पहिल्या घासाला कळायचं.

दुसरी गोष्ट, त्या स्वतःची चूक दारातूनच ओरडून सांगायच्या. "कुंदा, दूध माह्या हातून उतू गेलं!" मी असते तर गॅस पुसून गप्प बसले असते. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्या हातून एका पेशंटला दुसऱ्याचं औषध गेलं होतं. त्यांनी तशाच धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. भरपूर बोलणी बसली, पण पेशंट वाचला. "चूक लपवली तं पेशंट जाते," त्या म्हणायच्या. उतू गेलेल्या दुधात कोणता पेशंट आहे, असं मी मनात म्हणायची. मोठ्यानं म्हणायची हिंमत नव्हती.

आता त्या वेळच्या कुंदाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण पुढच्या गोष्टीत ती फार मिरवणार आहे. आज सत्तरीत बसून मी त्या बाईकडे पाहते तेव्हा तिला हाताला धरून कोपऱ्यात बसवावंसं वाटतं. पन्नाशीला टेकता टेकता तिनं गल्लीतल्या क्लासमध्ये कंप्युटरचा कोर्स केला होता. क्लासात सगळी पोट्टी-पोट्टे आणि मध्ये ही, चष्म्याला साखळी लावून. सर्टिफिकेट फ्रेम करून बैठकीत घड्याळाच्या शेजारी टांगलं होतं, म्हणजे वेळ पाहणाऱ्याला ते दिसलंच पाहिजे. टीव्हीचं चित्र अडकलं तरी ती "रिफ्रेश करा" म्हणायची. घरात कंप्युटर आला तेव्हा इतरांनी त्याला हात लावण्याआधी तिला विचारायचं, असा नियम तिनं केला. तो पाळत कोणीच नव्हतं, पण होता.

आमची प्राची बारावीनंतर एक वर्ष घरी बसली होती. तिला शेतकी कॉलेजातच जायचं होतं. अभनपूरला ह्यांच्या मित्राचं धानाचं शेत आहे. लहानपणी एकदा तिथं चिखलात रोवणी करून आली आणि तेव्हापासून पोरीनं ध्यासच घेतला. पहिल्या वर्षी नंबर लागला नाही. दुसऱ्या वर्षी परीक्षा बरी गेली, पण याद्यांवर याद्या निघाल्या आणि हिचं नाव वरच येईना. हे वैतागले. "यंदा नाही झालं तर चुपचाप बी.कॉम.," असं सांगून टाकलं. आणि ह्यांनी एकदा सांगितलं की ते बदलत नसत, वरणाचा विषय सोडला तर.

मग शेवटची फेरी जाहीर झाली. त्यानंतर फेरी नाही. आपल्याला हवी ती कॉलेजं पसंतीच्या क्रमानं लावायची आणि यादी लॉक करायची. लॉक केली नाही तर नाव बाद. मुदत दसऱ्याच्या संध्याकाळी पाचची, कारण पोर्टलला सणवार नसतात. प्राचीनं अष्टमीलाच यादी भरून ठेवली होती, पण क्रमाबद्दल तिला एका मैत्रिणीच्या दादाला विचारायचं होतं. म्हणून लॉक करायचं ठेवलं.

नवमीला आमच्याकडे खंडेनवमीची पूजा असते. घरात ज्या ज्या वस्तूनं काम होतं ती वस्तू त्या दिवशी पाटावर जाते आणि दसऱ्याला उचलेपर्यंत तिला कोणी हात लावत नाही. विळी, कात्री, शिलाई मशीन, ह्यांचा स्क्रू पिळायचा पेचकस, प्राचीची पुस्तकं, बडी बाईंचं रक्तदाब मोजायचं यंत्र आणि सुया उकळायची जुनी ट्रे. त्या वर्षी मीच म्हटलं, आपला कंप्युटरही मांडा. "मम्मी, लेकिन कल लॉक..." प्राची म्हणाली. "मैं बता रही हूँ ना," मी म्हटलं. पोरगी हिंदीतच उत्तर द्यायची, म्हणून मीही तिच्यावर हिंदीतच रुबाब करायची. "दस मिनट का काम है. मैं हूँ ना."

पूजा नेहमी बडी बाईच मांडायच्या. मी आत पुऱ्या तळत होते. बैठकीतून त्यांनी विचारलेलं मला आठवतं, "कुंदा, याचं कपाळ कुठं वं?" मी कढईतून मान न काढता मोठ्या ज्ञानानं उत्तर दिलं, "बाई, कंप्युटरला कपाळ नसतं, मॉनिटर असतो!"

दसऱ्याला जेवणं उरकली, वस्तू उचलल्या, वायरी जोडल्या. बडी बाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या. मी कंप्युटरसमोर बसले, प्राची शेजारी. पान उघडेपर्यंत सगळं सुरळीत होतं, कारण कंप्युटर सुरू झाला की तेच पान आपोआप समोर येईल असं लावून ठेवलेलं होतं. मग मी माउस सरकवला. पडद्यावरचा बाण जागचा हलला नाही.

मी पुन्हा सरकवला. बाण पडद्याच्या मधोमध उभा, जसा काही तिथं खिळा मारून ठेवला आहे. यादीत रायपूरचं कॉलेज तळाशी होतं, त्या दादाला विचारल्यापासून प्राचीला ते सगळ्यात वर न्यायचं होतं, आणि लॉकचं बटण त्याच्याही खाली. बाण हलल्याशिवाय काहीच होण्यासारखं नव्हतं.

आता कोर्स केलेल्या बाईचं कौशल्य पाहा. मी आधी कंप्युटर बंद करून सुरू केला. तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात चहा झाला असता. सुरू होता होताच मी माउसची वायर मागून उपटली आणि पुढच्या भोकात खुपसली. माउसखालचं पॅड काढलं, वर्तमानपत्र घातलं. माउस टेबलावर दोनदा आपटला. सेटिंगमध्ये जायला माउस लागतो हे लक्षात आल्यावर कीबोर्डनं कुठून तरी आत शिरून माउसचं नावच यादीतून काढून टाकलं. क्लासात सरांनी एकदा असं केलेलं मी लांबून पाहिलं होतं. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. बाण तर आता दिसेनासाच झाला.

हे नवा माउस आणायला स्कूटर घेऊन गेले होते. शेजारी गावाला, ओळखीच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, "आज त्योहार है दीदी, कल खुलेगा." हे परत आले ते हात हलवत. "सारं बंद आहे," म्हणाले. "रस्त्यात पाय ठेवायला जागा नाही. सारे रावण पाहायला निघाले."

प्राची घड्याळाकडे पाहायची, माझ्या सर्टिफिकेटकडे पाहायची, पुन्हा घड्याळाकडे. मला ते फार लागलं.

"कीबोर्डनं कर ना," हे म्हणाले.

मी टॅबचं बटण दाबायला लागले. पानावर एक फिकट चौकट या बटणावरून त्या बटणावर उड्या मारायची. कधी दिसायची, कधी नाही. क्रम वर न्यायचं बटण कोणतं, लॉकचं कोणतं, नीट कळेना. शेवटी मला वाटलं, हेच. मी एंटरवर बोट नेलं.

"मम्मी, मत दबाओ!" प्राची रडायलाच लागली. "लॉक हो गया तो खुलेगा नहीं. रायपुर नीचे ही रह जाएगा!"

"मग काय करू? वेळ कुठं आहे?"

"हात वर."

बडी बाई दारात उभ्या होत्या. आवाज मोठा नव्हता, पण वॉर्डातला होता. माझं बोट एंटरवरून आपोआप वर गेलं. त्यांनी येऊन माझी खुर्ची मागं ओढली, माझ्यासकट, आणि आपले हात पाठीमागे बांधले.

"शेवटचं चाललं कधी?"

"बाई, आता हे विचारायची वेळ आहे का? पाच वाजत आले!"

"हव, म्हणूनच विचारून राहिली. प्राची, तू सांग. रडू नको, सांग."

"अष्टमी की शाम को," प्राची नाक पुसत म्हणाली. "अच्छा चल रहा था, आत्या."

"त्याच्यानंतर कोणी हात लावला?"

"किसी ने नहीं. पूजा में था."

"आज सुरू केलं तेव्हा काय दिसलं?"

"तीर नहीं हिला. बस. नीचे की लाल बत्ती जल रही थी."

"आता पाह्य."

प्राचीनं माउस टेबलावरून बोटभर उचलला. खालचा दिवा विझलेला होता.

"म्हंजे तेव्हा जीव होता, आता नाही. मधात काय केलं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी एकेक सांगत गेले. बंद केलं, सुरू केलं, वायर पुढं लावली, पॅड काढलं, आपटला, नाव काढलं. सांगताना माझं मलाच ते वाढत चाललंय असं वाटायला लागलं.

"इतकी औषधं एका दमात?" बडी बाई म्हणाल्या. "आधीचा रोग वेगळा आहे. हा तं इलाजानं झालेला रोग. काहून वं कुंदा, कोर्सात हेच शिकवलं? आता उलटं चाल. जे शेवटी केलं ते आधी मागं घे. एक एक."

घड्याळाचा काटा ऐकू येत होता. काढलेलं नाव परत कसं घालायचं ते मला येत नव्हतं, म्हणून मी वायर पुढून काढली, मागं होती तिथं लावली. दिवा लागला. ते पुढचं भोक कंप्युटर आला तेव्हापासूनच बंद होतं, हे ह्यांना माहीत होतं आणि मला माहीत असायला हवं होतं. थोड्या वेळानं पडद्यावर माउसचं नाव आपणहून परत आलं आणि बाणही आला. पण जागचा हलेना.

"बटण दाब," बडी बाई म्हणाल्या. प्राचीनं उजवं बटण दाबलं. बाणाजवळ एक चौकोन उघडला.

"म्हंजे नाडी आहे. कानानं ऐकते, फक्त पाहत नाही. काढ वायर."

"बाई! आता कुठं जीव आला आणि पुन्हा काढायची?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"डोळ्यातच दिवा लागला असन तं डोळ्यात काय गेलं ते दिसते का? विझव आधी."

प्राचीनं वायर काढली. बडी बाईंनी आता कुठं हात सोडले, माउस घेतला आणि खिडकीत नेऊन उजेडात उलटा धरला. चष्मा कपाळावर ढकलला. आम्ही तिघं त्यांच्या पाठीशी. बाहेर कुठंतरी पहिला फटाका फुटला.

ज्या छोट्या खळग्यातून लाल उजेड येतो, त्यात कुंकवाची वाळकी खपली बसली होती, आणि तिच्यात रोवलेली एक अक्षत. दिवा लाल, कुंकू लाल. दिवा चालू असताना कोणालाही दिसलं नसतं.

मी बोलणार होते. काय बोलणार होते तेही सांगते. पूजेच्या गडबडीत ताट हललं असेल, सांडलं असेल, असं काहीतरी सावरून घेणार होते. घरातल्या मोठ्या माणसाला भाचीसमोर खाली पाहायला लागू नये, एवढी अक्कल त्या कुंदालाही होती.

"मी लावलं," बडी बाई म्हणाल्या. "मी सगळ्यायले विचारलं, कोणी हात लावला. माझंच नाव विसरली. काल याचं कपाळ शोधून राहिली होती. उलटा केला तं हे दिसलं. वाटलं, जिथून उजेड निघते तिथंच लावावं." मग प्राचीकडे वळून म्हणाल्या, "ध्यानात ठेव पोरी. माह्या हातून झालं."

प्राचीनं आत्याचा पदर धरला आणि तसाच धरून ठेवला.

मी केसातली पिन काढली. "आणा, खरवडून टाकते."

"पिन नाही. ओरखडा गेला तं डोळा गेला. माझ्या ट्रेजवळ स्पिरिट आहे, घेऊन ये. कापूस आणि काडी."

त्यांनी आगकाडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटात बुडवला आणि त्या खळग्यात हळूहळू फिरवला. कापूस लाल झाला. दुसरा बोळा. तिसरा. अक्षत सुटून खिडकीत पडली. मला वाटत होतं, त्यांचा हात धरून भरभर फिरवावा. त्या हातानं हजारो जखमा पुसल्या असतील. तो घाई करायला तयारच नव्हता.

"झालं ना, बाई? लावू?"

"स्पिरिट उडू दे. ओलं जोडू नको."

"वेळ..."

"मले दिसते घड्याळ. तुझ्या सर्टिफिकेटाच्या बाजूलेच आहे."

आम्ही चौघं एका माउसभोवती उभे राहून तो वाळायची वाट पाहत होतो. हे ओठ हलवून काहीतरी पुटपुटत होते. माझ्या लग्नात मुहूर्ताची वाट पाहतानासुद्धा मी ह्यांना इतकं गंभीर पाहिलं नव्हतं. शेवटी बडी बाईंनी मान हलवली. प्राचीनं वायर लावली, माउस टेबलावर ठेवला आणि सरकवला.

बाण हलला.

मी पुढं झाले तर बडी बाईंनी माझं मनगट धरलं. "तिचं तिले करू दे." प्राचीनं रायपूरचं कॉलेज एकेक पायरी वर चढवलं, पुन्हा एकदा सगळी यादी वाचली, मग लॉकवर बाण नेला आणि दाबला. पडद्यावर एक गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. बाहेर फटाक्यांचा कडकडाट सुरू झाला. चक्र थांबलं आणि हिरव्या अक्षरांत आलं की तुमची पसंती नोंदली गेली आहे.

घड्याळाकडे मी पाहिलं नाही. हे पाहत होते. त्यांनी नंतर सांगितलं की वेळ उरला होता, पण किती ते विचारू नको.

संध्याकाळी आम्ही गल्लीत सोनं वाटायला निघालो. बडी बाईंनी प्रत्येक दारात आपट्याची पानं दिली आणि प्रत्येक दारात तीच हकिगत सांगितली. "आमच्या प्राचीची सीट माह्या कुंकवानं जात होती." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येताना म्हटलं, "बाई, घरातल्या घरात राहिलं असतं की हे. कशाला सांगत बसलात?"

"साऱ्या गल्लीत पूजा होते," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी कोणाच्या पोराचा फॉर्म असन."

प्राचीला रायपूरच मिळालं. आता ती शेती खात्यात आहे आणि अभनपूरच्या बाजूला चिखलात उभी राहून लोकांना धानाबद्दल सांगते, असं तिचे फोटो दाखवतात. बडी बाई मात्र त्या दसऱ्यानंतर कंप्युटरजवळ रोज बसायला लागल्या. आपण ज्याचा डोळा घालवला होता तो नीट पाहतो ना, हे तपासायला बसतात असं मी चिडवायची. प्राचीनं त्यांना त्यावर पत्त्यांचा एकट्यानं खेळायचा डाव शिकवला. दुपारभर खेळायच्या. हरल्या तर मोठ्यानं सांगायच्या.

काही वर्षांनी, हिवाळ्यातल्या एका सकाळी त्या अंगणात उन्हात मटर सोलायला बसल्या होत्या. मी टोपली पुढ्यात ठेवली तेव्हा म्हणाल्या, "दाणे कोवळे आहेत वं, उकडू नको जास्त." मी आत आले, फोडणी टाकली, आणि बाहेर वाटी पडल्याचा आवाज झाला.

उजवा हात मांडीवरून लोंबत होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. बोलायला पाहत होत्या आणि नुसता आवाज निघत होता. हे धावत आले. कोणी म्हणे तेल चोळा, कोणी म्हणे पाणी पाजा. ह्यांनी पेला तोंडाला लावला तर बडी बाईंनी दात घट्ट आवळले आणि मान फिरवली. सगळे एकदम काहीतरी करत होते. मीही करणार होते.

मग मी हात पाठीमागे बांधले. खोटं नाही सांगत, अगदी तस्से. आणि त्यांच्या डोळ्यांत पाहून विचारलं, "बाई, शेवटचं चाललं कधी?"

त्यांनी डावा हात उचलला. बोटानं सांडलेल्या मटरांकडे दाखवलं. सोललेले दाणे मूठभरच होते. म्हणजे टोपली ठेवल्यापासून थोड्याच वेळात झालं होतं.

"तेल नको, पाणी नको," मी ह्यांना म्हटलं. "गाडी काढा."

समता कॉलनीतल्या दवाखान्यात तरुण डॉक्टरनं त्यांचा हात उचलून पाहिला आणि वळून मला पहिला प्रश्न विचारला, "आख़िरी बार बिल्कुल ठीक कब थीं?"

एवढ्या भीतीतही मला हसू आलं. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या बडी बाईंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. वाकड्या तोंडानं त्याही हसल्या असं मी म्हणते. हे म्हणतात, भास होता. मी डॉक्टरांना सांगितलं, मटरची टोपली ठेवली तेव्हा त्या माझ्याशी स्वच्छ बोलल्या, तेव्हा आकाशवाणीच्या बातम्या लागायच्या होत्या, आणि वाटी पडली तेव्हा बातम्या चालू होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, सिस्टरला हाक मारली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वेळेत असेल तरच देतात, हे मला नंतर कळलं.

बोलणं परत आलं. पाय ओढत का होईना, चालायलाही लागल्या. उजवा हात मात्र आला नाही. घरी आल्यावर कितीतरी दिवस त्या कंप्युटरकडे नुसतं पाहत बसायच्या. एक दिवस मी माउस उचलून डाव्या बाजूला ठेवला. त्यांनी डाव्या हातानं धरून पाहिला, बोटं अडखळली, चिडल्या. मी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन डावं बटण उजवं केलं आणि उजवं डावं. त्याच्या दुसऱ्या दिवशी बाणाचा वेग कमी केला.

"कोर्स केलेली बाई," त्या म्हणाल्या. जीभ थोडी जड होती. "एक एक करून राहिली. शिकली म्हणायची."

त्या गेल्या ती दुपार शांत होती. जेवून कंप्युटरसमोर बसल्या होत्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा डावा हात माउसवर होता आणि मान छातीवर. पडद्यावर डाव अर्धा मांडलेला. माझे हात या वेळी पाठीमागे गेले नाहीत. मी कप खाली ठेवला आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. विचारायला काही नव्हतं.

माउस अजून डावीकडेच असतो. घरात सगळे उजव्या हाताचे. पाहुणे बसले की गोंधळतात, बटणं उलटी लागतात, कंप्युटर बिघडलाय म्हणतात. मी म्हणते, हो, बिघडलाय, आणि चहा करायला जाते.

यंदाच्या खंडेनवमीला प्राची आपल्या मुलीला घेऊन आली होती. पूजा मी मांडली. विळी, कात्री, ती सुया उकळायची ट्रे, आणि कंप्युटर. नातीला हळदी-कुंकवाची कोयरी दिली आणि म्हटलं, तू लाव सगळ्यांना. तिनं विळीला लावलं, कात्रीला लावलं, ट्रेला लावलं. मग माउस हातात घेऊन तिनं मला विचारलं, "आजी, इसका माथा कहाँ है?"

प्राचीनं दारातून चटकन माझ्याकडे पाहिलं. "पाठीवर लाव म्हण, मम्मी," ती मराठीत म्हणाली.

नातीनं माउस उलटा केला, जवळ धरला, त्या छोट्या खळग्यात एक डोळा मिटून पाहिलं, आणि कुंकवाचं बोट उचललं. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून पाहत उभी राहिले.